जेवायला चार पाहुणे

गेल्या वर्षीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या चाचणी परीक्षेत घरातील एखाद्या समारंभावर इंग्रजीत निबंध लिहायचा होता. मनात मराठी वाक्य तयार होते : 'त्या दिवशी आमच्याकडे जेवायला चार पाहुणे होते.' ते मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवले : 'वुई हॅड फोर गेस्ट्स टू ईट.' उत्तरपत्रिका परत देताना सरांनी विचारले, "काय हो, कसे लागले पाहुणे?" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण आपण का हसतो आहोत, हे मला कळले नव्हते.

तास संपल्यावर मी सरांना गाठले. त्यांनी समजावून सांगितले. 'राइस टू ईट' म्हणजे खायचा भात, 'अ बुक टू रीड' म्हणजे वाचायचे पुस्तक. तसे 'गेस्ट्स टू ईट' म्हणजे खायचे पाहुणे! 'फोर गेस्ट्स टू डिनर' असे लिहिले असते तर पाहुणे वाचले असते. त्या दहा मिनिटांत मला जे इंग्रजी कळले, ते आधीच्या दहा वर्षांत कळले नव्हते. तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. तो आमच्या प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थीमित्रांपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत चुकतो तो बहुतेक वेळा बेशिस्तीने चुकत नाही. तो मराठीचे नियम पाळतो, म्हणून चुकतो. मग त्या चुका सुधारायच्या तर मराठी व्याकरण वर्गाबाहेर ठेवून कसे चालेल?

उदाहरणे घेऊ. आपण म्हणतो, 'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'राहायला घर'. इंग्रज म्हणतो, 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'अ हाउस टू लिव्ह इन'. आपल्या वह्यांत हे 'ऑन', 'विथ' आणि 'इन' हमखास गळतात आणि तिथे लाल शाईची खूण उमटते. पण ते का गळतात? 'घरात' हा शब्द पाहा. 'घर'चे सामान्यरूप 'घरा' होते आणि त्याला 'त' चिकटतो. 'पेनाने', 'खुर्चीवर' यांचेही तसेच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. 'शब्दयोगी' हे नावच ते सांगते. नाम वाक्यातून उचलून दुसरीकडे नेले की मागे नुसता 'वर' किंवा 'ने' उभा राहू शकत नाही. इंग्रजी प्रिपोझिशन मात्र नामापासून सुटे असते. 'सिट ऑन अ चेअर' यातली खुर्ची पुढे आली, तरी 'ऑन' आपल्या जागी तसाच राहतो.

मराठीत हे अव्यय गळाल्याने आपले काही अडत नाही, कारण संदर्भाने अर्थ कळतो. 'खायला चमचा दे' म्हटल्यावर कोणी चमचा खात नाही. इंग्रजीत मात्र तो संबंध उच्चारावा लागतो : 'अ स्पून टू ईट विथ'. हे एकदा समजले की 'विथ' घोकावा लागत नाही. मनातल्या मनात 'चमच्याने खाणे' असे पूर्ण वाक्य करायचे, 'ने'साठी इंग्रजीत काय येते ते पाहायचे आणि ते शेवटी ठेवायचे.

यात आणखी एक घोटाळा आहे. वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये, असे मला शाळेत बजावले होते. त्यामुळे चुकून 'विथ' सुचलाच, तरी तो मी भीतीने खोडत असे. पुढे वाचनात आले की, या आक्षेपाचा उगम बराच जुना आहे. कवी ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा वाक्यांना नावे ठेवली होती. १७६२ साली आपले व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट लाउथ यांनी मात्र ही रचना बोलण्यात सर्रास चालते, गंभीर लेखनात दुसरी अधिक शोभते, एवढेच म्हटले. आणि हे सांगणारे त्यांचे स्वतःचे वाक्यही प्रिपोझिशननेच संपते! तेव्हा 'अ पेन विथ विच टू राइट' ही रचना भारदस्त खरी, पण 'अ पेन टू राइट विथ' ही चूक नव्हे. चूक आहे ती 'विथ' गाळणे.

आता 'टू'कडे वळू. अर्जाच्या शेवटी आपण लिहितो, 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' इथे 'हिअरिंग' हवे. विद्यार्थी गोंधळतो : 'टू'नंतर मूळ क्रियापद येते ना? गंमत अशी की, 'टू' मुळात प्रिपोझिशनच होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाला नामासारखे चतुर्थीचे रूप देऊन त्याच्याआधी 'टू' ठेवीत. पुढे प्रत्यय झिजले आणि 'टू' नुसती खूण म्हणून उरला. आपल्याकडे काय झाले? 'लिहावयास', 'लिहावयाला', 'लिहायला'. शेवटचे 'स' आणि 'ला' हे चतुर्थीचेच प्रत्यय! 'शाळेला जातो' आणि 'शिकायला जातो' यांत एकच 'ला' आहे. 'गो टू स्कूल' आणि 'गो टू लर्न' यांत एकच 'टू' आहे. इतक्या दूरच्या दोन भाषा एकाच वाटेने चालल्या, हे मला कळले तेव्हा इंग्रजीची निम्मी भीती गेली.

'लुक फॉरवर्ड' नंतरचा 'टू' मात्र अजून आपले जुने काम करतो. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच्यापुढे नाम ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' चालते, म्हणून 'टू हिअरिंग'. 'आय वॉन्ट टू' यापुढे 'युवर रिप्लाय' चालत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद. 'ऑब्जेक्ट टू', 'अॅकस्टम्ड टू', 'विथ अ व्ह्यू टू' यांना ही कसोटी लागू पडते. 'गो'सारख्या क्रियापदांना ती लावू नये, कारण तिथे दोन्ही चालतात हे वर आलेच आहे.

इतर प्रिपोझिशनांचा नियम तर आपल्या घरचाच आहे. 'साठी', 'पूर्वी', 'बद्दल' यांच्याआधी आपण क्रियापदाला नामाचे रूप देतो : शिकण्यासाठी, जाण्यापूर्वी, बोलण्याबद्दल. 'शिक साठी' असे कोणी म्हणत नाही. मग 'फॉर लर्न' म्हणजे 'शिक साठी'च नाही का? म्हणून 'फॉर लर्निंग', 'बिफोर गोइंग', 'अबाउट स्पीकिंग'.

पण सगळेच मराठीवरून सुटते असा दावा मी करणार नाही. 'वाचण्याची इच्छा', 'वाचण्याची सवय', 'वाचण्याची आवड' या तिन्ही ठिकाणी आपली एक षष्ठी भागते. इंग्रजीत मात्र 'डिझायर टू रीड', 'हॅबिट ऑफ रीडिंग', 'फॉन्डनेस फॉर रीडिंग' अशा तीन तऱ्हा. 'आय होप टू पास' म्हणायचे, पण नाम आले की 'होप ऑफ पासिंग'. 'एबल टू', पण 'केपेबल ऑफ'. इथे पाठांतराला पर्याय नाही. निदान ते नाम त्याच्या जोडीदारासकट पाठ करावे, एवढेच सांगता येईल.

इंग्रजीच्या तासाला मातृभाषा आणली तर विद्यार्थी इंग्रजीत विचार करायला कधी शिकणार, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. सगळा तास मराठीत गेला तर कान इंग्रजीला सरावणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण आमच्या डोक्यातली मराठी दाराबाहेर थांबत नाही. ती उत्तरपत्रिकेत उतरतेच. तिला लपूनछपून येऊ देण्यापेक्षा समोर बसवून दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवाव्यात, हे बरे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. इंग्रजीच्या मदतीने मराठी मांडता आली, तर मराठीच्या मदतीने इंग्रजी का शिकवता येऊ नये?

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. माझा एक मित्र अर्थशास्त्रात आमच्या सर्वांच्या पुढे. पण मुलाखतीच्या दिवशी तो घरीच राहिला. "तोंड उघडलं की हसतात रे," एवढेच तो म्हणाला. त्याला कोणी सांगितले असते की, तुझी चूक ही अडाण्याची चूक नाही, एक चांगली शिकलेली भाषा तिच्यामागे उभी आहे, तर कदाचित तो गेला असता.

म्हणून प्राध्यापकांना विनंती की, लाल खुणेशेजारी कधीतरी 'मराठीत काय म्हणाल?' एवढे लिहावे. आणि मित्रांना विनंती की, कोणी चुकला तर हसावे जरूर, पण तास संपल्यावर त्याच्याबरोबर सरांकडेही जावे.

येत्या सुट्टीत आमच्याकडे पुन्हा पाहुणे येणार आहेत. या वेळी मी त्यांना 'टू डिनर' बोलावले आहे. ते सुखरूप परत जातील!