दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

जुनी गाडी बघायला गेलात, चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर एकही लाल दिवा लागला नाही, तर खूश होऊ नका. इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. बॅटरीचाही लागलाच पाहिजे. नाही लागला तर एक तर बल्ब उडालाय, नाहीतर कुणीतरी तो मुद्दाम काढलाय. मी आधी दुसरी शक्यता धरतो.

इंजिनाचा दिवा विझत नाही? बल्ब काढा. ऑइलचा दिवा लुकलुकतोय? वायर सोडवा. गिऱ्हाईक येईपर्यंत मीटर चकाचक. याला आपल्याकडे ‘काम करून दिलं’ म्हणतात. माझं भांडण या वाक्याशी आहे. आणि हो, या वाक्याला ‘जुगाड’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांशीही आहे.

मी मालेगावचा. आमच्या गावाचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला हल्ली सिनेमे आठवतात. नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’, फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट, आणि २०२५ साली आलेला रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. मग कौतुक सुरू होतं: काय तुमचं जुगाड! सायकलवर कॅमेरा! पण त्या सायकलवरून शॉट मिळाला होता, हे कुणी लक्षात घेत नाही. ट्रॉली नव्हती, तर ट्रॉलीचं काम दुसऱ्या वस्तूने करून घेतलं. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणाऱ्याने कुणाचं काम कशाने करून घेतलं?

या गावात खरं तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. साध्या यंत्रमागालाही बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारी सोय असते. ती बांधून ठेवून माग चालवला, तर खटखट चालू राहील, पण धागाच नसलेलं कापड निघेल. असं करणाऱ्या कारागिराला मालक दुसऱ्या दिवशी आत घेणार नाही. तोच मालक रात्री बंद काट्यांची गाडी घेऊन नाशिकला निघतो आणि म्हणतो, ‘चालतंय की.’

काय चालतंय ते बघू.

ऑइलच्या दिव्याची रचना अगदी साधी. इंजिनात ऑइलचा दाब असला की एक छोटा स्विच उघडा राहतो. दाब पडला की तो जोडला जातो आणि दिवा पेटतो. वायर सोडवली की दिवा कायमचा गप्प. ऑइल कमी असेल तर मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या राहुड घाटात वळणावर ते तळाला एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, आणि नेमका तेव्हा दिवा लुकलुकायला हवा असतो. तिथे गाडी थांबवली तर खर्च ऑइलच्या डब्याचा. नाही थांबवली तर इंजिनाचा.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट याहून गमतीची आहे, आणि यूट्यूबवर बघून डॅशबोर्ड निळा करणाऱ्या मित्रांनी ती नीट वाचावी. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा नुसता सूचनेचा दिवा नसतो. त्याच्यातून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला, किंवा त्याच्या जागी तुम्ही हौसेने एलईडी बसवली, तर तेवढा करंट जात नाही. मग अल्टरनेटर उशिरा चार्जिंग धरतो, कधी धरतच नाही. तुम्ही बॅटरी बदलता, मग परत बदलता, आणि दुकानदाराला शिव्या देता. दोष असतो दहा-वीस रुपयांच्या बल्बात.

पेट्रोलचा काटा पडला की लोक थेट मीटरवर संशय घेतात. आधी टाकीतल्या फ्लोटकडे बघा. फ्लोट वरखाली होतो तशी एका पट्टीवरची टोकदार पत्री सरकते आणि रोध बदलतो, एवढंच ते यंत्र. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, नाहीतर अर्थिंगची वायर गंजते. चाचणी सोपी आहे: फ्लोटकडे जाणारी वायर टाकीपासून लांबच्या जोडावर सोडवायची (टाकीपाशी वाफ असते, तिथे ठिणगी नको) आणि चावी चालू ठेवून क्षणभर बॉडीला टेकवायची. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा ‘फुल्ल’कडे धावतो. धावला तर मीटर निर्दोष. आणि पेट्रोलचा व टेंपरेचरचा काटा एकदम वेडे झाले असतील, तर दोघांचा सामाईक वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासायचं. दोन यंत्रं एकाच दिवशी मरण्याचा योग फार क्वचित येतो.

स्पीडचा काटा थरथरतोय? बहुतेक वेळा आतली केबल कोरडी पडलेली असते. ती ओढून काढायची, पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, पण मीटरकडचं टोक सोडून. नाहीतर ग्रीस वर चढतं आणि मीटरच चिकटतं. हे एवढंसं ‘सोडून’ ज्याला माहीत आहे तो कारागीर. बाकीचे ग्रीस लावणारे.

आता कुणी म्हणेल, स्पीड मोबाइल दाखवतो, काट्याचं एवढं काय? दाखवतो. मोबाइलला तुमच्या इंजिनाचा ऑइल प्रेशर मात्र कळत नाही. नव्या गाडीला डोंगल लावून कळेल काहीबाही. जुन्या गाडीला तो खोचायला जागाच नाही, तिच्याकडे बोलायला हे दिवे आणि काटेच आहेत. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ११७ मध्ये, गाडीला स्पीडोमीटर असला पाहिजे असं लिहिलंय. गंमत बघा, १५ वर्षं झालेल्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली. ती लोक कुरकुरत का होईना भरतात. बल्बाचे पैसे मागितले की घासाघीस करतात.

पण सगळा दोष गल्लीतल्या मेकॅनिकवर आणि कंजूष मालकावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. आमच्या घरात १९९७ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. तिच्या मीटरमधले तीन दिवे एकदम गेले. नाशिकच्या एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये दाखवली. मीटर न उघडताच उत्तर आलं: ‘पूर्ण सेट बदलावा लागेल. आणि सेट येत नाही. गाडी काढून टाका.’ म्हणजे तीन दिव्यांपायी गाडी भंगारात! इकडे मालेगावात, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात त्यांनी मीटर उतरवलं. मागे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या पट्ट्या असतात. आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. एक पट्टी उचलली जाऊन तुटली होती. त्यांनी केसाएवढ्या तारेने ती सोल्डर केली. तीनही दिवे आले.

तो काचेचा माणूस आळशी होता असंही नाही. त्याला उघडायला शिकवलेलंच नाही, बदलायला शिकवलंय. आणि ज्याला उघडता येतं त्याच्या हातात कागद देत नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणावरून: सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू दिली नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या जुलैत केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल निघालं, मोटारगाड्या त्यात आहेत. पोर्टल चांगलंच आहे. पण मोसम पुलाजवळच्या वायरिंगवाल्याला हवा आहे तो वायरिंगचा नकाशा, कोणत्या रंगाची वायर कुठे जाते ते सांगणारा. आणि माझ्या गाडीच्या वयाच्या गाड्यांचे नकाशे आता दडवून कुणाचं कोणतं गुपित राहणार आहे? ते मराठीत, हिंदीत, उर्दूत फुकट टाका. नकाशा नसला की चांगला कारागीरही तासभर वायर शोधतो, तासाचे पैसे कुणी देत नाही, आणि मग बल्ब काढणं स्वस्त पडतं. जुगाड, जुगाड म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्यातलं निम्मं याच अडवणुकीतून आलेलं आहे.

उस्तादांकडे कंपनीचा एकही कागद नाही. शाळेची एक जाड वही आहे. उघडलेल्या प्रत्येक मीटरचं चित्र त्यांनी त्यात काढलंय, लाल वायर लाल पेनाने, हिरवी हिरव्याने. खुणा अर्ध्या उर्दूत, आकडे इंग्रजीत. काही पानांवर ऑइलचे डाग पडून रंग ओळखू येत नाहीत. दर शुक्रवारी दुकान बंद असतं तेव्हा मी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जातो. आतापर्यंत ४० पानांचे फोटो झालेत, आणि डागाळलेल्या पानांवरचे रंग ते आठवून आठवून सांगतायत.