रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

लॅपटॉपवर कुडा चालेना की होस्टेलात एकच सल्ला मिळतो : "सीताबर्डीला ने, फॉरमॅट मारून आण!" माझा या सल्ल्याला साफ विरोध आहे. पैसे जातात, बॅकअप नसेल तर प्रोजेक्टही जातो, आणि बिघाड काय होता ते कळतच नाही.

मित्रहो, बहुतेक वेळा भांडण दोन व्हर्जन्सचं असतं. ड्रायव्हर कार्डाशी बोलतो, कुडाचा रनटाइम आपल्या प्रोग्रॅमशी. नवा ड्रायव्हर जुन्या रनटाइमला सांभाळून घेतो. जुन्या ड्रायव्हरला नवा रनटाइम झेपत नाही. लिनक्सवर कुडा 12 ला किमान 525 मालिकेचा ड्रायव्हर लागतो. तिथे 470 असेल तर विंडो कितीदाही बंद-चालू करा!

'एनव्हीडिया-एसएमआय' जो कुडाचा आकडा दाखवतं तो बसवलेल्या टूलकिटचा नसतो. ड्रायव्हर कुठवर पेलेल, त्याचा असतो. टूलकिटचा आकडा 'एनव्हीसीसी' सांगतो. दोन्ही वेगळे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आलं तर? अपडेटने लायब्ररी बदलली, कर्नलमध्ये मॉड्यूल मात्र जुनंच चालू आहे. आधी रिस्टार्ट करा, बहुधा तेवढ्यानेच भागतं.

"पण फॉरमॅटनंतर चालतं ना!" असं कोणी म्हणेल. चालतं, कारण तेव्हा ड्रायव्हर नव्याने पडतो. मग नुसता ड्रायव्हरच बदला की राव!

रॅम घ्यायला, स्क्रीन बदलायला बर्डीवर जरूर जा. पण एररची ओळ वाचायचं काम दुकानदारावर टाकायचं असेल, तर आपण इंजिनिअर कशाला व्हायचं?