कार्यमुक्त झाले, तरी ग्रुपमध्ये आहेत

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत माणसांची ये-जा सुरूच असते. एक कामगार खोली सोडतो, दुसरा राहायला येतो. शहाणा घरमालक अशा वेळी कुलूप बदलतो. जुन्या भाडेकरूने किल्लीची नक्कल करून ठेवली नसेल कशावरून? मोबाईलवरच्या ग्रुपबाबतही हाच प्रश्न विचारायला हवा. विशेषतः ज्या ग्रुपवर आशाताई, आरोग्यसेविका आणि डॉक्टर रुग्णांची नावे व तपासणी अहवाल टाकतात, त्या ग्रुपबाबत.

ग्रुपवरचा मजकूर सांकेतिक कुलपात असतो, मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही, हे खरे. दोन माणसांनी उघड्यावर बोलूनही फक्त त्या दोघांनाच कळेल अशी किल्ली कशी ठरवायची, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्येच दाखवले. अवघड आहे ते समूहाचे. १०२४ जणांत प्रत्येक जोडीची वेगळी किल्ली करायची तर ५,२३,७७६ किल्ल्या लागतील. म्हणून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये बोलणारा प्रत्येक जण स्वतःची एक किल्ली तयार करतो आणि ती इतरांना एकेकाला, जणू बंद पाकिटात, पोचवतो. कोणी बाहेर पडला की सगळ्यांच्या जुन्या किल्ल्या बाद होतात आणि वाटप पुन्हा पहिल्यापासून.

हा खटाटोप कमी करणारी एमएलएस नावाची पद्धत इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने जुलै २०२३ मध्ये जाहीर केली. ती समजायला बाद पद्धतीच्या कुस्ती स्पर्धेचा तक्ता डोळ्यांसमोर आणावा. १०२४ मल्ल असले तरी अंतिम विजेत्याला कुस्त्या दहाच खेळाव्या लागतात. इथेही दोघांचे एक गुपित, चौघांचे एक, आठांचे एक, असे करत तक्त्याच्या टोकाला सर्वांची किल्ली असते. एक जण गेला की त्याच्या वाटेवरची दहा गुपिते तेवढी बदलायची. फार जणांना एकदम काढले तर तक्त्यात रिकाम्या जागा राहतात आणि काम काही काळ वाढते, पण एकेका सभासदाला वेगळे पाकीट देण्यापेक्षा ते बहुधा स्वस्तच पडते.

मात्र यादीत कोण असावे, हे गणित ठरवत नाही. किल्ली यादीतल्या प्रत्येकाला मिळते. जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते: सर्व्हर ताब्यात असलेला माणूस ग्रुपमध्ये नवा सभासद घुसवू शकतो. आपल्याकडे तर इतक्या हुशारीची गरजही पडत नाही. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेला कर्मचारी, करार संपलेला डेटा ऑपरेटर, नंबर बदललेला कोणी, सगळे यादीत तसेच राहतात आणि नवा अहवाल त्यांच्याही मोबाईलवर उघडतो. काढून टाकल्यावर पुढचे दिसत नाही. आधीचे त्यांच्याकडे राहतेच.

यात आशाताईंना दोष देण्यात अर्थ नाही. 'यादी लगेच टाका' हा आदेशही त्याच ग्रुपवर आलेला असतो. दोष आहे तो ग्रुपला कार्यालय न मानण्याचा. एचआयव्हीबाधिताची ओळख त्याच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, ती ग्रुपवर टाकलेल्या मजकुरालाही लागू आहे. क्षयरोग्याचे किंवा अविवाहित गरोदर मुलीचे नाव छोट्या गावात फुटले तर काय होते, हे सांगायला कायदा कशाला हवा?

कार्यमुक्तीच्या आदेशात शिक्के, रजिस्टर, किल्ल्या जमा केल्याची नोंद असते. त्यातच 'सर्व ग्रुपमधून वगळले' अशी एक ओळ वाढवावी आणि तिच्याखाली अॅडमिनची सही घ्यावी. रुग्णाच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक टाकावा. आणि ग्रुपची लिंक कुठे दुसरीकडे फिरली असेल, तर ती रद्द करून नवी घेण्याची सोय ग्रुपच्या सेटिंगमध्येच आहे. अॅडमिनला अर्धा मिनिटही लागत नाही.