बुद्धीचं टॉनिक कुठल्या वयात?

परीक्षा जवळ आल्या की पनवेलच्या मेडिकल दुकानांत स्मरणशक्तीच्या टॉनिकची चौकशी सुरू होते. मुलगा मागे पडतो, म्हणजे त्याचा मेंदू कमजोर, असा आपला सरळ हिशेब.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडीला जवळपास तितक्याच ग्लिया नावाच्या पेशी. ग्लिया म्हणजे डिंक. १८५६ साली फिर्शो या जर्मन डॉक्टरने दिलेलं हे नाव. मेंदू धरून ठेवणं एवढंच यांचं काम, असं पुढे कित्येक वर्षं मानलं गेलं. मग २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात माणसाच्या ग्लियाच्या मूळ पेशी उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या, तर ते उंदीर मोठेपणी इतरांपेक्षा लवकर शिकू लागले!

या ग्लियांतलीच एक जात चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण गुंडाळते, वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्यामुळे मेंदूतले निरोप कितीतरी पट वेगाने धावतात. हे काम आईच्या पोटातच सुरू होतं, पहिल्या दोन वर्षांत जोरात चालतं आणि त्याला लोह लागतं. चिलीमध्ये सहा महिन्यांच्या रक्तक्षयी बाळांची तपासणी झाली. कानातला आवाज मेंदूकडे पोचायला त्यांना जास्त वेळ लागत होता. लोह देऊन रक्त सुधारलं, तरी दीड वर्षाचे झाल्यावरही हा फरक भरून निघाला नाही.

म्हणजे खर्च आणि काळजी दहावीच्या वर्षी नव्हे, घरातली सून किंवा लेक गरोदर असते तेव्हा करायची. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, गरोदरपणात १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्याही मिळतात. त्या बऱ्याचदा कपाटातच राहतात. गोळी गरम पडते, शौचाला काळं होतं, म्हणून घरातली वडीलधारी मंडळीच ती बंद करायला सांगतात. काळं होण्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी. गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

खजूर अवश्य खावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. खिमा, मसूर, चवळी आणि वर लिंबू पिळलेलं बरं. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की दुधाबरोबर मऊ, दाट मसूरखिचडी सुरू करावी. नुसत्या तांदळाच्या पेजेत लोह नसल्यात जमा.