भांडं कुणाचं, मैदान कुणाचं?

हल्ली 'निवड' नावाचं नवं सोवळं निघालंय. कशात शिजवावं, कशात प्यावं, सुट्टीला कुठला खेळ बघावा, सगळं म्हणे ज्याच्या त्याच्या आवडीवर. दुकानाच्या काचेत मातीची हंडी आणि बिडाचा तवा मांडलेला, वर पाटी 'परंपरा', खाली किंमत अशी की मजुराचा दिवस जावा. रस्त्यावर चहा मातीच्या कपात. पिणारा डोळे मिटून म्हणतो, वा, काय मातीचा वास!

आमचा सवाल एकच हाय. कुणाची परंपरा?

मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाची सोय लावून ठेवली. गावाबाहेर राहा, फुटक्या भांड्यात जेवा, दागिना लोखंडाचा घाला. ही आमची निवड! आणि कुणी ती मोडली तर? नोव्हेंबर १९३५. अहमदाबाद जिल्ह्यातलं झानू गाव. अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणायला लागल्या म्हणून सवर्णांनी त्यांना मारलं. एप्रिल १९३६. जयपूर संस्थानातलं चकवारा. यात्रेहून आलेल्या अस्पृश्यानं आपल्याच माणसांना तुपाचं जेवण घातलं, तर शेकडो हिंदू लाठ्या घेऊन पंगतीवर तुटून पडले. दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवल्यात. तूप तुपासारखं होतं, भांडं भांड्यासारखं. चुकीचं होतं ते खाणारं तोंड आणि धरणारा हात.

आमच्यातलेच काही शहाणे म्हणतात, भांडीकुंडी हा बायकांचा विषय, चळवळीचा न्हाय. त्यांनी महाड वाचावं. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी लुगडं कसं नेसावं, कथलाचे जड दागिने का टाकावेत, ह्यावर बोलले. अंगावरच्या खुणेवरून जात ओळखू येते, ती खूणच पुसा, असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसानं ग्रंथ जाळला त्याला पाटली-बांगडी लहान वाटली नाही. तुम्हाला पातेलं लहान वाटतं?

इंदापूरच्या आमच्या वस्तीतल्या चुली बघा. आधी गाडगी-मडकी. मग जर्मनची पातेली आली. हलकी, स्वस्त, चिंचेच्या आमटीनं आतून खड्डे पडणारी. पितळेचा हंडा आला तो मुंबईच्या पगारातून. त्याला कल्हई लागायची, घासताना हात दुखायचे, पण तो बायांची बँक होता. अडचणीला मोडता यायचा, वजनावर पैसे यायचे. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, मिलो खात होती, आणि घरातली भांडी एकेक करून सावकाराच्या दारात जात होती. पुढं स्टील आलं. ताटावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलं. हसू नका. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचा सातबारा ते ताट आहे.

आता दुसरं फसवणं चालू झालंय. चकचकीत नॉनस्टिक कढई, तीही हप्त्यावर. वर्ष-दोन वर्षांत काळा लेप सुटतो, भाजीत येतो. भंगारवाला ती हातात धरत नाही. पण फायनान्सचा आठवड्याचा हप्ता कढईपेक्षा जास्त टिकतो! लोखंडाचा तवा जरूर घ्या, तो नातवंडांना पुरतो आणि भाकरी चांगली भाजतो. परंपरा म्हणून नको, टिकतो म्हणून घ्या.

आणि निवडीची फुशारकी मारणाऱ्यांना जरा फिरवून आणा. नीरा डाव्या कालव्याकडंला ऊस डोक्याच्या वर. त्याच बारामती तालुक्यात सुप्याकडं जिरायत, दुष्काळात टँकर. टँकरपुढं रांगेत प्लास्टिकच्या घागरी. का? कारण पाणी लांब आणि घागर हलकी. ही बाईची आवड न्हाय, तो अंतराचा हिशेब आहे. ज्याच्या हातात पाणी आणि पगार, निवड त्याचीच.

मैदानाचं वेगळं काय? गावच्या जत्रेत बैलगाड्याची शर्यत. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ती बंद केली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. संस्कृती वाचली म्हणून गुलाल उधळला. बैल जिंकला तर मालकाचा, आणि मेला की ओढायला आमचा, ही जुनी वाटणी मात्र कुठल्या फ्लेक्सवर दिसत नाही.

क्रिकेटमध्ये तरी? बाळू पालवणकर, जातीनं चांभार, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदूंना त्याची बोटं हवी होती. मैदानात त्याचा चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी मात्र संघ आत चिनी मातीच्या कपात, आणि बाळू बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. घ्या, हा तुमचा मातीचा वास! १९११ ला इंग्लंडात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. भाऊ विठ्ठलला मिळालं ते १९२३ ला, भांडून.

खेळ बघू नका असं आम्ही म्हणत नाही. गोदीत दिवसभर ओझी उचलून कबड्डी बघितली की माझाही शीण जातो. २०२४ ला पुणेरी पलटण प्रो कबड्डी जिंकली, पोरं नाचली, नाचू द्या. पण दोस्तांनो, एका जर्सीच्या पैशात चुन्याची किती पोती येतात? कबड्डीला बॅट लागत नाही, बैल लागत नाही, तालमीचा खुराक लागत नाही. जागा लागते. ती मागा, नाही दिली तर जिथं उभे आहात तिथं रेघा मारा. बारामतीत स्टेडियमला बाबासाहेबांचं नाव आहे. नुसते हार घेऊन दारात जाऊ नका. पोरी-पोरं घेऊन आत जा, खेळा.

घ्याल ते टिकाऊ घ्या, रोख घ्या, बाईच्या नावानं घ्या. वस्तीची मोठी पातेली वर्गणीतून घ्या, म्हणजे लग्नाला कुणाच्या वाड्यापुढं हात पसरायला नको. ताटावर नाव ठसठशीत घाला.

फुटकं भांडं मनूचं होतं. त्याचं त्याला परत करा.