केवळ तर्क?

‘विकासवाद हा निव्वळ तर्क, त्यावांचून मुलांचें काय अडतें?’ असें हल्लीं सुशिक्षितांच्या तोंडूनहि ऐकूं येतें. २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून हा भाग गाळला, तेव्हां या मंडळींस समाधानच वाटलें. त्यांस आम्ही मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या ऑर्किडची हकीकत सांगतों.

या फुलाची मधुनलिका जवळजवळ फूटभर लांब, आणि मध तिच्या अगदीं तळाशीं. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असें डार्विननें १८६२ सालीं लिहिलें. कीटकशास्त्रज्ञांनीं थट्टा केली. ही सारी ईश्वरी योजना, असें आर्गाइलच्या ड्यूकचें मत. पण त्या योजनेची रीत त्यांस दाखवितां आली नाहीं. ती वॉलेसनें १८६७ सालीं दाखविली: सोंड जितकी लांब तितका पतंगास मध अधिक, नलिका जितकी लांब तितका पतंग खोल शिरून पराग अंगास लावून घेणार. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या दोघांनींहि एकमेकांस वाढविलें. डार्विन १८८२ सालीं निवर्तला; तो पतंग १९०३ सालीं शास्त्राच्या दप्तरीं दाखल झाला.

न पाहिलेल्या प्राण्याच्या सोंडेचें माप जो चाळीस वर्षें आधीं सांगतो, तो तर्क ‘निव्वळ’ कसा? तो शिकवूं नये म्हणणारांनीं त्याच्या तोडीचें एक तरी भाकित करून दाखवावें. मग आम्हीहि त्यांच्या वर्गांत जाऊन बसूं.