मारक पल्ला की जाहिरात?

देशात नव्या रायफलीची बातमी आली की शीर्षकात एक आकडा हमखास झळकतो: 'मारक पल्ला अमुक मीटर'. कोणत्या हवेत, कोणत्या गोळीने, किती अचूकतेने, याचा उल्लेख नसतो. अटींशिवाय दिलेला असा आकडा मोजमाप ठरत नाही. ती जाहिरात असते. विज्ञानवृत्त म्हणवणाऱ्या मजकुराला हे शोभत नाही.

गोळी वायुरोधापुढे आपला वेग किती टिकवते, हे सांगणारा 'बॅलिस्टिक गुणांक' उत्पादक छापतात. त्यासाठी रूढ असलेले 'जी१' प्रमाण एकोणिसाव्या शतकातील सपाट बुडाच्या गोळ्यावर बेतलेले आहे. आजची लांबट, निमुळत्या बुडाची गोळी त्या साच्यात बसत नाही. तिचा गुणांक वेगाबरोबर बदलतो. तरीही खोक्यावर बहुधा एकच आकडा असतो.

२०१५ साली अमेरिकेतील हॉर्नाडी कंपनीनेच जाहीर केले, की डॉप्लर रडारने गोळीचा दूरवरचा मार्ग मोजला तेव्हा प्लॅस्टिकचे टोक उड्डाणात तापून विरूप होते आणि वायुरोध वाढतो, असे आढळले. कमी अंतराच्या मोजणीत ही बाब लपून राहिली होती.

आता आपल्या सीमेकडे पाहा. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के. वायुरोध घटतो, म्हणून सपाटीच्या तक्त्याप्रमाणे नेम धरल्यास गोळी वर जाते. उलट, कडाक्याच्या थंडीत बारूद मंद जळते आणि गोळीचा आरंभीचा वेग कमी होतो. हा वेग सेकंदाला १० मीटरने चुकला, तरी १,००० मीटरवर गोळी सुमारे फूटभर वरखाली लागते. पुढे वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की काही गोळ्या डगमगू लागतात. मग तो छापील 'पल्ला' नेमका कोठला?

'सामान्य वाचकाला एवढा तपशील कशाला?' असे कोणी म्हणेल. पावसाचा आकडा देताना ठिकाण आणि कालावधी आपण सांगतोच ना? मग येथेच सूट का? चुकीच्या तक्त्याची किंमत बातमीदार मोजत नाही; ती बर्फात उभा असलेला जवान मोजतो.

विद्यार्थी मित्रहो, पल्ल्याचा आकडा दिसताच टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा: कोठे मोजला, कशाने मोजला, चूक किती? उत्तर नसेल, तर तो आकडा पुढे पाठवू नका.